मॅगझीन : एक शब्द, अनेक कोठारे

जवाहरनगरात 'मॅगझीन' हा इंग्रजी शब्द दोन घरी नांदतो. आयुध निर्माणीत आयुष्य घालविलेल्या कामगाराच्या तोंडी तो आला म्हणजे त्याचा अर्थ स्फोटके साठविण्याची इमारत. त्याच कामगाराच्या मुलाच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात तो आला म्हणजे त्याचा अर्थ मासिक, साप्ताहिक किंवा एखादे नियतकालिक. ज्या जागेकडे जाण्यापूर्वी वडील खिशातील काडेपेटी बाहेर काढून ठेवतात, त्याच नावाची वस्तू मुलगा रात्री दिव्याजवळ धरून वाचतो. एकाच गावातील, किंबहुना एकाच छपराखालील हे दोन अर्थ एकमेकांना ओळखतही नसावेत, असे वरकरणी वाटते.

भाषा शिकविताना आम्हांला या शब्दाची गाठ वारंवार पडते. 'मॅगझीन म्हणजे काय?' असे इंग्रजीच्या तासाला विचारले की, परिसरातील एखादा विद्यार्थी 'दारूगोळ्याचे कोठार' असे उत्तर देतो. वर्गात हशा पिकतो आणि तो विद्यार्थी ओशाळून खाली बसतो. पुस्तकातला अर्थ तो खरा आणि आपल्या घरातला अर्थ तो अडाणीपणाचा, अशी त्याची समजूत होऊन बसते. ज्या मुलांच्या घराण्यात शाळेची पायरी नुकतीच चढली गेली आहे, त्यांना घरची भाषा आणि घरचे ज्ञान कमी प्रतीचे वाटू लागले, तर शिक्षणाने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले असे होईल. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही या एका शब्दाचे चरित्र माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे मांडीत आहोत. त्यातून वाचकांच्या ध्यानी येईल की, त्या विद्यार्थ्याचे उत्तर बरोबर तर होतेच. शिवाय पुस्तकातील अर्थाहून ते अधिक जुने होते.

शब्दाचे मूळ

'मॅगझीन' हा शब्द इंग्रजांनी घडविलेला नाही. त्याचे मूळ अरबी भाषेत आहे. अरबीतील बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभे राहतात आणि त्या सांगाड्याला मागेपुढे अक्षरे जोडून नवे अर्थ साधले जातात. क-त-ब या व्यंजनांत लिहिण्याचा अर्थ आहे. त्यापासून 'किताब' म्हणजे पुस्तक, 'कातिब' म्हणजे लिहिणारा आणि 'मक्तब' म्हणजे लिहिण्याची जागा, शाळा. त्याच रीतीने ख-ज-न या व्यंजनांत साठविण्याचा, जपून ठेवण्याचा अर्थ आहे. आरंभी 'म' लागला की ती क्रिया जेथे घडते ते ठिकाण सूचित होते. म्हणून 'मख्जन' म्हणजे साठविण्याची जागा, अर्थात कोठार. आणि त्याचे अनेकवचन 'मखाजिन'.

मध्ययुगात भूमध्य समुद्राच्या काठी अरब आणि इटालियन व्यापाऱ्यांची देवघेव मोठी होती. मालाबरोबर माल ठेवण्याच्या जागेचे नावही समुद्र ओलांडून गेले. इटालियन भाषेत त्याचे 'मागाझ्झीनो' झाले, तर फ्रेंच भाषेत 'मागाझँ'. स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोकांनी अरबीतील 'अल' हे उपपदही शब्दाबरोबर उचलले. म्हणून स्पॅनिशमध्ये कोठाराला 'अल्मासेन' म्हणतात. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला आणि येताना आपला मूळचा अर्थ, मालाचे कोठार, घेऊनच आला.

प्रत्येक देशाने या शब्दाला आपापल्या गरजेप्रमाणे वळण दिले. फ्रान्समध्ये आज 'मागाझँ' म्हणजे दुकान. रशियातही 'मागाझीन' या पाटीखाली दुकानच असते. तेथे वाचनालय शोधायला गेलेल्या माणसाच्या हाती भाजीपाला येईल. मोरोक्को देशात तर राजसत्तेलाच 'मख्जेन' असे म्हणत आले आहेत; कराचे धान्य आणि धन ज्याच्या कोठारात जमा होते, तेच सरकार, असा त्यामागील विचार. इंग्रजीत मात्र हा शब्द हळूहळू लष्कराकडे झुकला. शस्त्रे, दारूगोळा आणि सैन्याची शिधासामग्री यांच्या साठ्याला तो विशेषेकरून लागू होऊ लागला. युद्धनौकेवर दारू ठेवण्याची खोलीही 'मॅगझीन'च. ११ मे १८५७ रोजी दिल्लीत उठाव झाला, तेव्हा इंग्रजांनी उठाववाल्यांच्या हाती जाऊ नये म्हणून जे दारूकोठार स्वतःच उडवून दिले, ते इतिहासात 'दिल्ली मॅगझीन' याच नावाने ओळखले जाते. काश्मीरी दरवाजाजवळ त्याचे अवशेष अजून उभे आहेत.

पुढे एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या बंदुका निघाल्या. त्यांत गोळ्या भरून ठेवण्याची जी लहानशी पेटी असते, तिलाही 'मॅगझीन' हे नाव मिळाले. 'पिस्तूल, दोन मॅगझीन आणि जिवंत काडतुसे जप्त' अशी बातमी आपण वृत्तपत्रांत वाचतो, ती याच अर्थाने. त्या बातमीतील 'काडतूस' हा शब्ददेखील परदेशीच; तो पोर्तुगीजांच्या 'कार्तूशो'वरून मराठीत रुळला. एका ओळीच्या मराठी बातमीत अरबस्तान, पोर्तुगाल आणि इंग्लंड असे शेजारी शेजारी बसलेले असतात.

कोठारातून पुस्तकाकडे

आता दुसऱ्या घराकडे वळू. कोठाराचा अर्थ पुस्तकाकडे कसा गेला? सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये काही ग्रंथकारांनी आपल्या पुस्तकांच्या नावांत 'मॅगझीन' हा शब्द वापरण्यास सुरुवात केली. विशिष्ट विषयाच्या माहितीचा साठा, असा त्यांचा भाव होता. आपण 'ज्ञानभांडार' म्हणतो तसाच. परंतु या अर्थाला कायमचे स्थान मिळाले ते १७३१ मध्ये. त्या वर्षी एडवर्ड केव्ह या मुद्रकाने लंडनमध्ये 'जंटलमन्स मॅगझीन' नावाचे मासिक काढले. निरनिराळ्या पत्रांत विखुरलेल्या बातम्या, निबंध, कविता, संसदेतील वादविवाद हे सारे एका ठिकाणी आणून वाचकाला द्यावे, ही त्याची कल्पना. म्हणजे त्याचे मासिक हे लेखांचे कोठारच होते.

पुढे इंग्रजीचा सुप्रसिद्ध कोशकार झालेला सॅम्युअल जॉन्सन तरुणपणी याच मासिकासाठी लिहीत असे. १७५५ मध्ये त्याने आपला शब्दकोश प्रसिद्ध केला. त्यात 'मॅगझीन' या शब्दाचा पहिला अर्थ कोठार, शस्त्रागार असा आहे. नियतकालिक हा अर्थ त्याखाली येतो; आणि तोही अलीकडे केव्हच्या मासिकामुळे रूढ झालेला, अशा खुलाशासह. आज पाठ्यपुस्तकात जो अर्थ प्रमुख म्हणून येतो, तो १७५५ साली नवा आणि पाहुणा होता. घरचा धनी होता तो दारूकोठाराचा अर्थ.

हे सर्व अर्थ शेजारी मांडून पाहिले, तर त्यांच्यातील नाते स्पष्ट होते. स्फोटकांची इमारत, बंदुकीतील गोळ्यांची पेटी, फ्रान्समधील दुकान आणि हातातील मासिक या चारही ठिकाणी अनेक वस्तू नीट लावून, जपून ठेवलेल्या असतात आणि गरज पडेल तेव्हा एकेक काढून घेता येते. ठेवणे, जपणे आणि काढणे एवढाच या शब्दाचा गाभा आहे. शब्दाचे अर्थ दहा झाले तरी गाभा एकच असतो, आणि तो हाती लागला की दहा अर्थ पाठ करण्याचे श्रम उरत नाहीत.

आपल्या घरचे भाऊबंद

या परदेशी शब्दाचा सख्खा चुलतभाऊ आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे आणि आपण त्याला रोज हाक मारतो. तो म्हणजे 'खजिना'. ज्या ख-ज-न या मुळापासून 'मख्जन' निघाला, त्याच मुळापासून हाही निघाला आणि फारसीच्या मार्गाने मराठीत आला. आपल्या मंडळाचा 'खजिनदार' आणि आयुध निर्माणीतील 'मॅगझीन' हे एकाच कुळातले आहेत. एक वाट पश्चिमेकडून युरोपला वळसा घालून इंग्रजांबरोबर आली. दुसरी इराणातून थेट दख्खनेत उतरली. उर्दूत तर मूळ रूपच जिवंत आहे. १९०१ मध्ये लाहोरहून शेख अब्दुल कादिर यांनी एक नामांकित उर्दू मासिक सुरू केले. त्याचे नावच 'मख्जन'. कोठारापासून निघालेला शब्द युरोपात मासिक झाला, आणि त्या नव्या अर्थाचे तेज घेऊन आपल्या मूळ रूपात आशियाला परतला.

इंग्रजीत असे आपले भाऊबंद आणखी पुष्कळ आहेत. विजेच्या दराला आपण 'टॅरिफ' म्हणतो. तो शब्द आणि मराठीतील 'तारीफ' यांचे अरबी मूळ एकच, त्याचा अर्थ ओळख करून देणे, जाहीर करणे. गणितातील 'अल्जिब्रा' हा शब्दही मुळात अरबीच. शस्त्रागाराला इंग्रजीत 'आर्सेनल' म्हणतात. तेही मुळात अरबी, अर्थ वस्तू घडविण्याचे घर. आमची मुले ज्या 'आर्सेनल' फुटबॉल संघाचे सामने पाहतात, तो १८८६ मध्ये लंडनजवळील वुलिच येथील शस्त्र-कारखान्याच्या कामगारांनी उभा केला होता. त्या संघाच्या बोधचिन्हावरील तोफ याच गोष्टीची साक्ष देते.

कोठार आणि ग्रंथ यांचा संबंध जोडण्यात इंग्रज पहिले नव्हेत. संस्कृत 'कोश' हा शब्द पाहा. राजाचा खजिना तो राजकोश, तलवारीचे म्यान तोही कोश आणि शब्दांचा संग्रह तो शब्दकोश. किड्याने स्वतःभोवती विणलेल्या वेष्टनालाही कोशच म्हणतात. आणि आपल्या भंडारा जिल्ह्यातील मोहाडी-आंधळगाव भागात ज्याचे विणकाम चालत आले, त्या 'कोसा' रेशमाचे नाव या कोशावरूनच आले आहे. कोसा विणणाऱ्या घरातील मूल शब्दकोश उघडते, तेव्हा ते आपल्याच घरचा शब्द उघडत असते. बौद्ध आचार्य वसुबंधू यांनी आपल्या महान ग्रंथाला 'अभिधर्मकोश' हेच नाव दिले. अभिधर्माचा खजिना, असा त्याचा अर्थ.

तथागतांच्या उपदेशाचा संग्रह ज्या नावाने जगाला ठाऊक आहे, ते नावही साठवणीचेच आहे. पाली भाषेत 'पिटक' म्हणजे टोपली. विनय, सुत्त आणि अभिधम्म अशा तीन टोपल्या, म्हणून तिपिटक. ग्रंथरूप होण्यापूर्वी हे कोठार भिक्खूंच्या स्मरणात होते. निरनिराळे निकाय मुखोद्गत राखणाऱ्या भिक्खूंना 'भाणक' म्हणत. दीघनिकाय राखणारे वेगळे, मज्झिमनिकाय राखणारे वेगळे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत ते लिहून काढले गेले, तोपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या माणसेच त्या कोठाराची भिंत आणि माणसेच त्याचे राखणदार होती. आपला 'कोठार' हा शब्दही पालीत 'कोट्ठागार' या रूपात भेटतो.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. दोन शब्द कानाला सारखे वाटले म्हणजे ते एका मुळाचे असतातच असे नाही. 'भंडारा' हे आपल्या जिल्ह्याचे नाव 'भांडार' या शब्दावरून आले असावे, असे कोणालाही सहज वाटेल. परंतु रतनपूर येथील इसवी सन ११०० च्या सुमाराच्या शिलालेखात 'भाणारा' असा उल्लेख असल्याचे सांगितले जाते आणि अभ्यासक गावाचे नाव त्याच्याशी जोडतात. नादावरून मूळ ठरवू नये. जुना लेखी पुरावा पाहावा आणि मग बोलावे. कोणी सांगितले म्हणून मानू नये, तपासून पाहावे, ही शिकवण शब्दांनाही लागू पडते.

'दारू'चे तीन अर्थ

शब्दांचे अनेक अर्थ ही काही इंग्रजीचीच खोड नाही. ज्या दारूकोठाराविषयी आपण बोलत आहोत, त्यातील 'दारू' हा शब्दच घ्या. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. हा अर्थ मराठीतील 'दवादारू' या जोडशब्दात अजून सुरक्षित आहे. पुढे बंदुकीच्या भुकटीला तोच शब्द लागला. त्यातून दारूगोळा, दारूखाना, दिवाळीतील शोभेची दारू हे शब्द झाले. मुंबईत रे रोड स्थानकाजवळील भागाला आजही 'दारूखाना' म्हणतात. आणि तिसरा अर्थ मद्याचा; ज्याच्यापासून पंचशीलातील पाचवे शील आपणांस दूर राहावयास सांगते. एक शब्द रोग बरा करतो, एक डोंगर फोडतो आणि एक संसार मोडतो. कोणता अर्थ घ्यावयाचा हे शेजारचे शब्द सांगतात. मराठी बोलणारे लहान मूलही यात चुकत नाही. मग तेच मूल इंग्रजी शब्दाच्या तीन अर्थांना का भ्यावे?

कोठाराची शिस्त

कोठार म्हटले की शिस्त आली. मराठ्यांच्या राज्यकारभाराविषयी रामचंद्रपंत अमात्य यांनी सुमारे १७१५ मध्ये सिद्ध केलेल्या 'आज्ञापत्रा'त गडावरील दारूखान्याविषयी तपशीलवार सूचना आहेत. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, दारू तळघरात ठेवावी, ठराविक दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे, पुन्हा मोहोरबंद करून ठेवावी, रात्रंदिवस पहारा असावा आणि परवानगीवाचून कोणाला जवळ येऊ देऊ नये, असा त्यांचा आशय. तीनशे वर्षांपूर्वीच्या या सूचना वाचताना निर्माणीतील जुन्या कामगारांना आपलाच नियमफलक वाचल्यासारखे वाटेल.

युरोपने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. १७६९ मध्ये इटलीतील ब्रेशिया शहरात दारूकोठारावर वीज पडली आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. त्यानंतर काही वर्षांतच, १७७२ मध्ये, लंडनजवळील पर्फ्लीट येथील दारूकोठारांचे विजेपासून रक्षण कसे करावे हे ठरविण्यासाठी रॉयल सोसायटीने समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन हे शास्त्रज्ञ होते. कोठारावर वीजवाहक सळई बसविण्याची पद्धत अशा विचारातून दृढ झाली.

आपल्या देशात १८८४ चा स्फोटक कायदा आणि त्याखालील २००८ चे नियम लागू आहेत. त्या नियमांतही स्फोटके साठविण्यासाठी मंजूर आराखड्याप्रमाणे खास बांधलेल्या इमारतीला 'मॅगझीन' हीच संज्ञा आहे. खाणी, विहिरी, रस्ते यांसाठी लागणाऱ्या स्फोटकांच्या कोठारांना परवाना देणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या शेजारी नागपुरातच आहे. वस्तीपासून राखलेले अंतर, भोवतीचा मातीचा बांध, वीजवाहक सळई, ठिणगी न उडविणारी पितळी वा तांब्याची अवजारे, डिटोनेटर आणि स्फोटके यांची वेगळी साठवण, येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची काटेकोर नोंद, या गोष्टी तेथे प्राणाइतक्या महत्त्वाच्या असतात. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज खाणींत काम केलेल्या कुटुंबांनाही हा अर्थ पुस्तकातून शिकावा लागत नाही.

हे ज्ञान किती मोलाचे आहे आणि या कामात जोखीम किती आहे, हे जवाहरनगरला कोणी सांगावयास नको. २४ जानेवारी २०२५ रोजी येथील निर्माणीत झालेल्या स्फोटात आठ जणांचे प्राण गेले. त्यांच्या स्मृतीस आम्ही या लेखातून विनम्र अभिवादन करतो. ज्या घरांतील माणसे रोज अशा जोखमीच्या कामावर जातात, त्या घरांतील शब्दांना वर्गात हसणे हे शब्दाच्या अज्ञानाइतकेच माणसाच्या कष्टांचे अज्ञान आहे.

ज्ञानाची कोठारे

मासिकाच्या अर्थानेही हा शब्द आपल्या समाजाच्या जीवनाशी निगडित आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले आणि १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केले. १८६७ मध्ये निघालेल्या 'विविधज्ञानविस्तार' या मासिकाचे तर नावच 'मॅगझीन' या कल्पनेचे मराठी रूप वाटावे. तथापि या कोठारांत बहिष्कृतांच्या दुःखाला फारशी जागा नव्हती. ती जागा आपल्या माणसांनी स्वतः निर्माण केली. नागपूर भागात किसन फागूजी बनसोडे यांनी १९१० मध्ये 'निराश्रित हिंद नागरिक' काढले. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांच्या प्रेरणेने 'मूकनायक' पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. ३ एप्रिल १९२७ पासून 'बहिष्कृत भारत', पुढे 'समता', १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' अशी ही परंपरा चालत राहिली. मूळ नागपूरचे गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून चालविलेल्या 'अस्मितादर्श' त्रैमासिकाने पुढील पिढीतील कितीतरी लेखकांना प्रथम छापले.

ही पत्रे चालविणाऱ्यांजवळ पैसा नव्हता, छापखाना बहुधा दुसऱ्याचा असे, वर्गणी वेळेवर येत नसे. तरीही त्यांनी कोठार रिकामे राहू दिले नाही. बाबासाहेबांनी तर राष्ट्राच्या आणि समाजाच्या कामांचा डोंगर उपसताना पाली शब्दांचा कोशही तयार केला. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणे या मालेच्या सोळाव्या खंडात तो पाहावयास मिळतो. एकेक शब्द टिपून ठेवण्याचे काम त्यांनी कमी प्रतीचे मानले नाही, हे आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

दोन्ही कोठारांत एक मोठा भेदही आहे. दारूच्या कोठारातून जेवढे काढावे तेवढे कमी होते. ज्ञानाच्या कोठारातून कितीही काढले तरी ते कमी होत नाही. मात्र कोणी काहीच काढले नाही, तर ते निरुपयोगी होते. अमात्यांनी दारूला ऊन देण्यास सांगितले. पुस्तकांना वाचकांचे डोळे लागतात.

शब्द कसा वाचावा

या सर्व विवेचनातून विद्यार्थ्यांसाठी एक सोपी रीत निघते. नवा शब्द भेटला की चार प्रश्न विचारावेत. त्याचा गाभा कोणता? तो कोणत्या मार्गाने आला? त्याचा भाऊबंद आपल्या घरी आहे काय? आणि या वाक्यात त्याच्या शेजारी कोण बसले आहे? 'शिपायाने मॅगझीन बदलले', 'ताईने मॅगझीनची वर्गणी भरली', 'मॅगझीनभोवतीचा बांध पावसाने खचला' या तीन वाक्यांत शेजारी शब्द पाहताच अर्थ आपोआप उलगडतो.

हीच रीत इतरत्र लावून पाहावी. आपल्या गावी 'ऑर्डनन्स फॅक्टरी' आहे आणि वृत्तपत्रात सरकार 'ऑर्डिनन्स' काढते, म्हणजे अध्यादेश. हे दोन्ही शब्द मुळात एकच. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा गाभा व्यवस्था लावून देणे हा आहे. एका ठिकाणी ती युद्धसामग्रीची व्यवस्था, दुसऱ्या ठिकाणी हुकमाची. 'फॅक्टरी'चेही तसेच. इतिहासाच्या पुस्तकात सुरतेच्या ज्या इंग्रज 'वखारी'चा उल्लेख येतो, तिला इंग्रजीत 'फॅक्टरी'च म्हणत. कारण तेथे कंपनीचे 'फॅक्टर', म्हणजे आडते, राहत. तेथे काही घडविले जात नसे, माल साठविला आणि विकला जाई. पाहता पाहता आपण पुन्हा कोठाराशीच येऊन पोहोचलो.

एक आवाहन

आमच्या परिसरात साठवणीचेच किती शब्द आहेत! कणगी, पेव, कोठी, वखार, गोदाम, भांडार. जमिनीत धान्य पुरण्याचे पेव आता सहसा दिसत नाही. पण एखाद्या गोष्टीचे 'पेव फुटले' असे आपण अजून म्हणतो. वस्तू गेली, म्हणून शब्दाचा गाभा मुलांना कळेनासा झाला. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचे कारागीर, कोसा विणणारे विणकर, धानाचे शेतकरी, खाणीतील आणि निर्माणीतील कामगार यांच्या बोलण्यात असे शेकडो शब्द आहेत. ते कोणत्याही छापील कोशात सापडतीलच असे नाही. जुनी माणसे निवृत्त होत आहेत, काही आपल्यातून जात आहेत; त्यांच्याबरोबर हे शब्दही जातील.

म्हणून आमची माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना विनंती आहे की, आपल्या व्यवसायातील पाच-दहा शब्द, त्यांचा अर्थ आणि ते ज्या वाक्यात वापरले जातात ते वाक्य, असे लिहून विद्यालयाकडे द्यावे. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी सांगावे. आमचे विद्यार्थी लिहून घेतील. वसतिगृहातील मुलांनी सुटीत घरी गेल्यावर आजी-आजोबांकडून असे शब्द विचारून आणावेत. वर्गात प्रत्येक शब्द वाचला जाईल, त्याचा गाभा शोधला जाईल आणि सांगणाऱ्याचे नाव आदराने नोंदविले जाईल. पुढे एखाद्या मुलाने आपल्या घरचा अर्थ उभे राहून सांगितला, तर त्याला खाली बसावे लागणार नाही. तो अर्थ कोठून आला हे त्याला फळ्यापाशी बोलावून विचारले जाईल.